एकोणीस बिया

लयाशीनं एकोणीस बिया मोजून बहिणीच्या तळहातावर ठेवल्या, तेव्हा शामाला वाटलं, भाऊ चेष्टा करतोय. डोंगरातला माणूस तेतुआन शहरात बहिणीकडे येताना तूप आणतो, सुके अंजीर आणतो, फार तर पाय बांधलेली एखादी कोंबडी आणतो. ह्यानं आणलं काय, तर गांज्याचं बी. वर पाठीवरून अर्धं पोतं माती.

"हे घरात लाव," तो म्हणाला. "कुंड्यांत. आणि खिडक्या बंद ठेव."

"का रे? एवढा डोंगर पुरला नाही तुला?"

लयाशी हसला नाही. तो मुळात हसरा माणूस. गावात कुणाच्या लग्नात तो नसला तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आता मात्र तो दाराकडे बघत हलक्या आवाजात बोलत होता. घरात तेव्हा दोघंच होती, तरीही.

गोष्ट अशी होती. गावात आता सगळ्यांनी परदेशी बी धरलं होतं. त्याला पीक भरघोस, पण पाणी प्यायला लागलं की म्हशीसारखं. ज्यांच्या बोअरला पाणी होतं त्यांचं चाललं. लयाशीचा झरा तीन वर्षांपूर्वी आटला तो आटलाच. त्याच्या जमिनीत येईल ते फक्त बापाच्या वेळचं गावरान बियाणं, जे पावसाच्या चार सरींवर उभं राहतं. ते आता कुणाकडेच चोख उरलं नव्हतं. जुनं म्हणून कुणी द्यावं, ह्यानं पेरावं, आणि जून उजाडायच्या आत रान वाळून कोळसा व्हावं, असं दोनदा झालं होतं. परदेशी नर झाडांची भुकटी वाऱ्यावर डोंगरभर फिरत असते, ती गावरान झाडावर पडली की संपलं. मग आईच्या पेटीच्या तळाशी, बापाच्या जुन्या कोटाच्या खिशात ह्या एकोणीस बिया सापडल्या. डोंगरावर लावल्या तर त्याही बाटणार. चार भिंतींच्या आत वाढवल्या तरच काही आशा.

"एक जरी झाड बियांनी भरलं ना लल्ला, माझ्या दोन पट्ट्या पेरून होतील," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो लहानपणापासून लल्लाच म्हणायचा. "मार्चात पेरायला हवं. नाही पेरलं तर घराला कुलूप लावायचं आणि उतरायचं खाली. बायको रोज तेच म्हणतेय."

"बघते," शामा म्हणाली.

"आणि हे मुफद्दलना सांगू नकोस."

"घरात झाडं वाढणार आणि नवऱ्याला दिसणार नाहीत?"

"झाडांचं सांग. माझ्या जमिनीचं नको. मेहुण्याच्या उंबऱ्यावर रडायला गेला, असं नको व्हायला."

हे मात्र शामाला पटलं. ती सतरा वर्षांची असताना लग्न होऊन शहरात आली, तेव्हा बापानं मुलाकडच्यांना काय थाटात जेवू घातलं होतं! त्या घराचा मुलगा मेहुण्यापुढे गरीब दिसावा, हे तिलाही सोसलं नसतं. तिनं मान डोलावली.

मुफद्दल तेतुआन-शेफशावन रस्त्यावर टॅक्सी चालवायचा. सहा माणसं कोंबायची, डोंगर चढायचा, सहा माणसं कोंबून उतरायचा. बायकोनं मागच्या अडगळीच्या खोलीत कुंड्या मांडलेल्या बघून तो दारातच थांबला.

"हे काय आहे?"

"लयाशीची झाडं. हिवाळाभर सांभाळायचीत."

"गांजा?"

"हो."

"डोंगरात आता सरकार परवाना देतं म्हणे. तिथे लावायचं सोडून माझ्या घरात? पोलीस आले तर मी सांगणार, ही बाई माझी कुणी लागत नाही. भाडेकरू आहे."

"भाडं कधी मागितलंत?"

तो पुटपुटत हातपाय धुवायला गेला. मेहुण्याला स्वतःच्या चिलमीसाठी काहीतरी खास माल हवा असणार, असा त्यानं आपला समज करून घेतला. शामानं तो समज राहू दिला.

आता, शामा गांज्याच्या गावातली खरी, पण झाड वाढवणं तिला कुठे येत होतं? बायकांनी खुरपायचं, कापलेलं वाहून आणायचं, छपरावर वाळत घालायचं. पेरणं पुरुषांचं. आणि कुंडीत तर तिच्या सात पिढ्यांत कुणी लावलं नव्हतं. तिनं सात बिया घेतल्या आणि लयाशीनं आणलेल्या डोंगराच्या मातीतच लावल्या. बापाचं बी, बापाची माती, ह्याहून चांगलं ते काय असणार! रानात ती माती सोन्यासारखी. कुंडीत तिची वीट झाली. पाणी वर तरंगायचं, मग कडेनं खाली पळायचं. दोन कोंब कसेबसे वर आले, आणि तिसऱ्या दिवशी मान टाकून पडले. शामा त्या खोलीत उकिडवी बसून रडली. मग स्वतःवरच चिडली, उठली आणि कुंड्या रिकाम्या केल्या.

ह्या खेपेला तिनं अक्कल चालवली. नदीची वाळू, बाजारातल्या शेळीवाल्याकडचं जुनं लेंडीखत, थोडी डोंगराची माती, असं सगळं हातानं कालवलं. बारा बिया उरल्या होत्या, बाराही लावल्या. पाच उगवल्या. एक तिनं पुदिन्याला घालतात तसं सकाळ-संध्याकाळ पाणी घालून कुजवलं. एक दिव्याच्या फार जवळ जाऊन करपलं. तीन राहिली. दिवा तिनं कोंबड्यांच्या पिलांना ऊब द्यायला हवा असं सांगून आणला होता. दुकानदारानं पिलं किती विचारलं, तर ती तीन म्हणाली.

तीन झाडांनी मात्र जीव धरला. कोपरभर झाली, कमरेला लागली. शामा जिलब्याची, म्हणजे पायघोळ झग्याची, बटणं विणायचं काम त्या खोलीत घेऊन बसायला लागली. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुली दोन्ही लग्न होऊन गेलेल्या. पानांची पाठ उलटून कीड बघायची, बोट मातीत खुपसून ओल बघायची, हे तिला हळूहळू समजायला लागलं. कधी कधी ती त्यांच्याशी बोलायचीही.

वास सुटला तेव्हा पंचाईत झाली. शामा दिवसभर ऊद जाळायची, आणि दोन दिवसांआड तारल्या तळायची. समोरची फेत्तूमा एकदा जिन्यात म्हणाली, "बाई गं, तुझ्या घरात पीर पुरलाय की मासळीबाजार भरलाय, एकदा ठरव काय ते." शामा हसली आणि तिला बशीभर तारल्या देऊन आली.

आणि मुफद्दल बदलला. कसा, ते शामाला नीटसं कळलंही नाही. आधी तो दारातून डोकवायचा. मग आत यायला लागला. मग एक दिवस दिवा वर घ्यायला हवा म्हणून त्यानं स्वतः छताला खिळा ठोकला. संध्याकाळी टॅक्सी लावून आला की जोडे काढायच्या आधी विचारायचा, "काय म्हणतात तुझ्या पोरी?" लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. शामाच्या कुठल्याही कामाची त्यानं अशी चौकशी कधी केली नव्हती. ती विणते ती बटणं कोणत्या रंगाची असतात, हेही त्याला सांगता आलं नसतं. शामाला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय ह्याची लाजही वाटायची. दोनदा तिच्या ओठांवर आलं होतं, की सांगून टाकावं झाडं कशासाठी आहेत. पण भावाला शब्द दिला होता.

फोनवरही तो विषय काढायचा नाही असं ठरलेलं. लयाशी विचारायचा, "तब्येत बरी ना?" ती म्हणायची, "बरी आहे." तेवढ्यावर भागायचं.

जानेवारीच्या शेवटी त्यातलं सडसडीत, सगळ्यात उंच झाड दुसऱ्या दोघींपेक्षा वेगळं दिसायला लागलं. काखांत बारीक हिरव्या कळ्यांचे झुबके लोंबले. नर. शामाचा जीव भांड्यात पडला. तीनही माद्या निघाल्या असत्या तर सगळं मुसळ केरात. कळ्या अजून मिटलेल्या होत्या. आणखी चार-पाच दिवसांत उमलतील, भुकटी उडेल, आणि दोघींच्या पोटी बी धरेल. मार्चच्या आत नक्की. तिनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि गुरुवारी हमामला गेली. महिनाभर तिनं अंग नीट घासून घेतलं नव्हतं. त्या दिवशी मन लावून घासून घेतलं.

परत आली तर मुफद्दल घरी. भर दुपारी. चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवासारखं हसू.

"तुझी झाडं वाचवली आज," तो म्हणाला.

शामा ओला पंचा तसाच हातात धरून मागच्या खोलीत गेली. दोन झाडं होती. तिसऱ्या कुंडीत नुसती उकरलेली माती.

मुफद्दल मागून येऊन सांगत होता. आज पुढच्या सीटवर एक पोरगा बसला होता, स्पेनमध्ये ह्याच कामावर असलेला. अख्खा रस्ता त्यानं शिकवलं. नर दिसला रे दिसला की उपटायचा. एक दिवस जरी राहिला तरी सगळा माल बियांनी भरतो आणि फुकट जातो. मुफद्दलला लगेच आठवलं, परवा त्या उंच झाडाच्या काखेत गोळ्या गोळ्या दिसल्या होत्या. एक खेप सोडून तो घरी आला होता. "उपटलं, पोत्यात घातलं आणि पुलावरून नदीत सोडलं. घरात पुरावा नको. त्या पोराला मी फोटोसुद्धा दाखवला नाही, नुसत्या वर्णनावरून ओळखलं बघ!"

"नदीत," शामा म्हणाली.

"मग काय! लयाशी म्हणेल, मेहुणा असावा तर असा."

शामाच्या मनात त्या क्षणी इतका राग आला की हातातला पंचा त्याच्या तोंडावर फेकावा. तिनं तोंड उघडलंही. पण तो उभा होता नखांत माती घेऊन, पँटच्या गुडघ्यांना माती लावून, तिच्या खोलीत. त्याला सांगून काय होणार होतं? झाड काही नदीतून परत येणार नव्हतं. आणि दोष कुणाचा? न सांगणाऱ्यांचा. ती म्हणाली, "जेवलात का?" तो नाही म्हणाला. तिनं वाढलं.

त्यानंतरचे दिवस ती सुई घेऊन बसायची. बटणाची सुई. एकेक बोंड उकलून बघायची. नराचा एखादा तरी झुबका आधीच उमलला असेल, चिमूटभर भुकटी पडली असेल, काय सांगावं. एकदा एक बी सापडलं, पांढरट. नखानं दाबलं तर आत काहीच नव्हतं. बोंडं मात्र अशी माजली की बघत राहावं. मुफद्दल येता-जाता कौतुक करायचा. मग त्यानंच झाडं कापली, उलटी टांगली, वाळवली.

लयाशी फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी आला. नवीन जिलबा घालून, दाढी करून. शामानं कुसकुस केला होता, सात भाज्या, वर मांस. दारातच ती त्याच्याशी बोलणार होती, पण मुफद्दल तिच्या आधी दारात.

"आधी बस. आधी दाखवतो," असं म्हणत त्यानं वाळलेल्या फांद्यांचं गाठोडं आणलं आणि लयाशीच्या मांडीवर सोडलं. "उकल. एक बी काढून दाखव, मिशा उतरवीन."

लयाशीनं एक बोंड घेतलं, तळहातावर चुरडलं, हळूच फुंकर मारली. हिरवा चुरा उडाला. तळहात रिकामा. त्यानं दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. मुफद्दल हसत होता.

"नर मी उपटला," तो म्हणाला. "ह्याच हातांनी. तुझ्या बहिणीच्या लक्षातही आलं नसतं."

लयाशीनं शामाकडे बघितलं. शामानं मान खाली घातली नाही. तिला खूप काही सांगायचं होतं, ते सगळं त्याला बघूनच समजलं असावं.

"अल्ला तुमच्या हातांना बरकत देवो, सिदी मुफद्दल," तो मेहुण्याला मान देत म्हणाला. त्यानं गाठोडं पुन्हा नीट बांधलं, बाजूला ठेवलं, हात धुतले.

तिघं ताटाभोवती बसली. मुफद्दलनं मांसाचा मोठा तुकडा मेहुण्याच्या बाजूला सारला. लयाशी व्यवस्थित जेवला. भोपळा गोड आहे म्हणाला. मुफद्दल स्टँडवरच्या गमती सांगत होता, कोण कुणाशी भांडलं, कुणाची गाडी घाटात बंद पडली. लयाशी ऐकत होता, योग्य तिथे हूं म्हणत होता. शामा भाज्या दोघांच्या बाजूला सारत राहिली.

चहा आला तेव्हा लयाशीनं पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"सिदी मुफद्दल," तो म्हणाला, "तुमच्या स्टँडवर गाड्या धुवायला माणूस लागतो का हो?"

"लागतो ना. मागच्याच आठवड्यात एक जण पळाला. कष्टाचं काम आहे पण, थंडीत हात गारठतात. तुझ्या गावातलं कुणी आहे का? पोरगा दणकट हवा."

"पोरगा नाही. पन्नाशीला आलेला माणूस आहे."

"ह्या वयात? शेतीबितीचं काय झालं त्याच्या?" मुफद्दल हसला आणि शामासमोर चहासाठी पेला धरला. "बरं, पाठव. तुझ्या शब्दाखातर सांगतो मालकाला. नाव काय त्याचं?"

"लयाशी," लयाशी म्हणाला.