सोमवारची सही

आईच्या हातच्या अकरा गोधड्या सिअॅटलच्या एका कंपनीने फोटो काढायला नेल्या, त्याला दोन वर्षं झाली. त्या परत मिळाव्यात, एवढंच माझं मागणं. कंपनी म्हणाली, करारात लिहिलंय, दावा लावायचा तर सिअॅटलच्याच कोर्टात. नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या डोंगरातून ते देशाचं दुसरं टोक. घरी माझा नवरा आर्व्हिल अंथरुणाला खिळलेला. त्याला टाकून जाऊ कशी?

आमच्या चर्चमधली ट्रीव्हा वकील आहे. ती घरी आली.

"व्हर्लीबाई, करार आपल्या राज्यात झाला असेल, तर बाहेरच्या कोर्टात ओढणारं कलम आपला कायदा मानत नाही. शेवटची सही जिथे झाली, तिथे करार झाला. कंपनी म्हणते, ती शेजारच्या टेनेसी राज्यातल्या गोधडी-प्रदर्शनात झाली. कागदावर तारीखही त्याच दिवसाची आहे."

"ती त्यांनीच छापून आणलेली. त्यांच्या माणसाने आपली सही करून कागद दिला, पेनही पुढे केलं. पण तो रविवार होता, बाई, प्रभूचा विश्रांतीचा दिवस. मी घरी आणला आणि सोमवारी इथे, या टेबलावर सही केली."

"रविवारी ती सुईत दोराही ओवत नाही," आर्व्हिल आतून म्हणाला. "चाळीस वर्षं माझी बटणं सोमवारची वाट बघतायत."

ट्रीव्हा हसली नाही. "पुरावा काय?"

सही केलेला कागद कंपनीला पाठवला त्या रजिस्टर पत्राची पावती होती, सोमवारची, आमच्या गावच्या पोस्टाची. आणि माझी वही. रोज रात्री स्तोत्र वाचून मी तिच्यात दोन-तीन ओळी लिहिते. ती देवाची आणि माझी गोष्ट, कोर्टात दाखवायला जीव धजेना. दोन दिवस प्रार्थना केली आणि मग दिली.

कोर्टात कंपनीचा वकील म्हणाला, "पत्र सोमवारी टाकलं, म्हणजे सही सोमवारी केली असं नव्हे. आणि वहीत काय, कोणीही काहीही लिहील."

म्हातारे न्यायाधीश पानं उलटत राहिले. "यातली काही पानं कोरी का?"

"ते रविवार आहेत, साहेब. रविवारी मी लिहीतही नाही."

त्यांनी प्रदर्शनाच्या दिवसाचं पान काढलं. कोरं होतं. पुढचं त्यांनी मोठ्याने वाचलं. "'सोमवार. आईच्या गोधड्यांच्या कागदावर सही केली. प्रभू, त्या सांभाळ. आर्व्हिलवर खेकसले, क्षमा कर.'"

मी मान खाली घातली.

"हा करार इथेच झाला," न्यायाधीश म्हणाले. "दावा इथेच चालेल."

घरी आल्यावर आर्व्हिलला सगळं सांगितलं. त्याला फक्त शेवटची ओळ आवडली. ती त्याने मला तीनदा म्हणायला लावली. मग मी आईची गोधड्या ठेवायची देवदारी पेटी ओढत ओसरीवर उन्हात आणली आणि उघडून ठेवली.

"अगं, गोधड्या अजून आल्या कुठे? खटला तर आता सुरू होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "तोवर पेटीचा कुबट वास तरी जाईल."