मांडीखालचे हात

हिलाल झोपेतही गाठी मारायचा. रातपाळी संपवून सकाळी घरी यायचा, भाकरी खायचा, आडवा व्हायचा. आणि डोळा लागतो न लागतो तोच त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासू लागायची. बायकोच्या, सुभद्राबाईच्या गोधडीची अख्खी कड त्यानं अशीच उसवून ठेवली होती. तार तुटला की दोन टोकं हुडकायची, झटक्यात गाठ मारायची, उरलेलं टोक दातानं तोडायचं. सुरतेच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, धाग्याला तारच म्हणतात. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यानं हेच केलेलं. कामावर गाठ मारली की मशीन चालू व्हायचं. झोपेत मारली की हिलाल जागा व्हायचा.

आताशा तर झोपच उडाली होती. मागच्या आठवड्यात चालू लूमसमोर उभ्या उभ्या त्याला डुलकी लागली. शेजारच्या लूमवरच्या वाल्मिकनं कॉलर धरून मागं ओढला म्हणून निभावलं. वर्षभरापूर्वी त्याच पाळीवरच्या धुडकूचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला होता, तो सगळ्यांनी पाहिलेला. कारखान्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरनं हिलालला बाजूला घेतलं.

"झोप काढून येत जा. पुन्हा डुलताना दिसलास तर गावी पाठवीन. अजून एकाचा हात गेलेला मला बघायचा नाही."

हिलाल डॉक्टरकडं गेला, पण त्यांच्या गोळीनं झोप दिवसा आली नाही, नेमकी पाळीवर आली. "मग जरा मोकळ्या हवेत, झाडाझुडपात बसत जा," डॉक्टर म्हणाले.

वाल्मिकला हे सांगितलं तर तो खो खो हसला आणि गावाकडच्या अहिराणीत म्हणाला, "मोकळी हवा? ती गावालेच राहिनी भो. येताना पिशवीत भरी आणाले पाहिजे व्हती."

तरी एका सकाळी हिलाल घराच्या गल्लीत न वळता सरळ चालत राहिला. डिंडोलीच्या चाळी संपल्या, वीटभट्टी मागं पडली आणि खाडी आली. पाणी काही सुरतेची शोभा वाढवणारं नव्हतं, पण श्रावणातलं गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि पाण्यावर एक बाभूळ ओणवी झाली होती. तिच्या फांद्यांना घरटी लोंबत होती. काही पुरी, लांब नळीची. काही अर्धीच, टोपीसारखी.

सुगरणी त्यानं लहानपणी पाहिल्या होत्या, पण तेव्हा तो विणकर नव्हता. आता पाहिलं तर पिवळ्या डोक्याचा एक नर गवताची लांब पात घेऊन आला. एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं चोचीनं आत खुपसलं, पलीकडून ओढलं, पुन्हा आत घातलं. हिलालची मान आपोआप वाकडी झाली. उभा ताणा कुठला, आडवा बाणा कुठला? याचा तर ताणाच नाही! मग हे उभं कशावर आहे?

त्या दिवशी घरी गेल्यावरही त्याला झोप लागली नाही, पण या खेपेला कारण वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. मग रोजच जाऊ लागला. चालण्यानं पाय दुखू लागले, भूक लागू लागली. सुभद्राबाईनं एक भाकरी वाढवली. कधी कधी घटकाभर डोळाही लागायचा. बोटं मात्र थांबत नव्हती.

आणि त्या बोटांनीच घात केला. काठाकडच्या खालच्या फांदीवर एक अर्धं घरटं होतं. त्याची एक पात सुटून वाऱ्यावर हलत होती. नर कुठंतरी गेला होता. आपण काय करतोय हे कळायच्या आत हिलालनं फांदी खाली ओढली, सुटलेलं टोक दुसऱ्या पातीला गाठ मारून जोडलं, उरलेलं दातानं तोडलं. तोंडात हिरवी, कडसर चव आली.

नर परत आला. गाठीवर चोच मारली, ओढून पाहिलं, मान इकडं तिकडं केली. मग उडून गेला. तो पुढच्या दिवशीही त्या घरट्याकडं फिरकला नाही. घरट्याचं गवत पिवळं पडत चाललं.

"माझ्या गाठीनं गेला का रे तो?" हिलालनं पाळीवर वाल्मिकला विचारलं. लूमच्या आवाजात ओठ बघूनच बोलणं कळतं. वाल्मिकनं दोनदा विचारून घेतलं.

"कोण गेला?"

"पक्षी."

वाल्मिकनं कपाळाला हात लावला. पण पाणी प्यायला बाहेर आल्यावर म्हणाला, "तुना हातले तेलना वास येस. मीबी पळी जातू." मग हिलालचा चेहरा पाहून हळूच म्हणाला, "मादीलेच पसंत पडनं नसी. कोणले माहीत?"

खरंच, कोणाला माहीत? पण तेव्हापासून हिलाल काठावर बसला की दोन्ही हात मांडीखाली घालून बसू लागला. पहिले काही दिवस हातांना मुंग्या यायच्या. पात सुटताना दिसली की मांडीखाली बोटं वळवळायची. तो दाबून धरायचा. सुटलेली पात कधी नर पुन्हा घेई, कधी तशीच सोडून देई, आणि घरटं तरीही लोंबत राही. एकही गाठ न घालता हिलालला तासभर बसता येऊ लागलं.

त्याच नरानं वरच्या फांदीवर नवी टोपी विणायला घेतली. निदान हिलालला तरी तो तोच वाटला. विणकाम अर्ध्यावर आलं तसा तो पंख फडफडवून मादीला बोलावू लागला. आता ती येणार, आत शिरून पारखणार. हिलालला राहवेना. रविवारी सकाळी त्यानं सुभद्राबाईला सोबत आणलं.

"हाई पहाले आणं माले?" ती पदरानं घाम पुसत म्हणाली.

"थांब ना. ती आत जाऊन बघते. पसंत पडलं तरच राहते."

"नशीबवान शे. माले तं तुमनं घर लगीन व्हयनं तवय दिसनं." मग तिचंही लक्ष वर गेलं. "आन् हाऊ बाप्पा एवढा काबर नाचस?"

"घर दाखवतोय."

"तुम्ही तं नही नाचनात."

हिलाल हसला. हात मांडीखाली घालून तो बाभळीला टेकला. मादी शेजारच्या फांदीवर येऊन बसली होती. नर टोपीला उलटा लटकून पंख हलवत होता. वारा गवतावरून येत होता. मादीनं एक उडी जवळ मारली. अजून एक मारेल, मग आत...

डोळे उघडले तेव्हा ऊन पायांवरून पार सरकलं होतं. सुभद्राबाई शेजारी गवताची काडी चघळत बसली होती. तो धडपडून उठला.

"मझार गई का ती? शिरली आत?"

"गई व्हती."

"मग? राहिली का निघून गेली?"

"ते मी नही पाहं."

"का?"

तिनं त्याच्या हातांकडं बोट दाखवलं. झोपेत ते मांडीखालून निसटून गवतावर उताणे पडले होते. बोटं निवांत होती; आजूबाजूला एकही पात तुटलेली किंवा गाठ मारलेली नव्हती.

"मी आठे पाहत व्हतू," ती त्या हातांकडंच बघत म्हणाली.

हिलालनं आपले हात पाहिले. मग चटकन वर पाहिलं. टोपी हलत होती. आत कोणी आहे की नुसता वारा, ते कळत नव्हतं.

"माले उठाडं काबर नही?" तो चिडून म्हणाला.

सुभद्राबाईनं पदर झटकला आणि उठली. "सकाय परत इसूत ना," ती म्हणाली. "चला आते. रातले पाळी शे."