दहापैकी पाच

आईला जाऊन महिना होत आला होता, तेव्हा वडप्याहून प्रितमचा फोन आला. प्रितम आईचा जुना विद्यार्थी. हायवेलगतच्या जमिनीवर त्याची गोडाऊन आहेत. दाजी, म्हणजे त्याचे वडील, आजारी असल्याचं मला ठाऊक होतं. आता ठाण्याच्या डॉक्टरांनी पोटातला कॅन्सर यकृतात गेल्याचं सांगून घरी पाठवलं होतं. उपाय नाही, फक्त सांभाळा, असं.

"ताई, बाईंना शेवटच्या आजारात ठेवलं होतं ते खारबावकडचं केंद्र कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"चांगलं म्हणजे कसं? गोडाऊन दाखवायला गेलो की पार्टी मला हेच विचारते, आणि मी पण हेच सांगतो. छप्पर गळत असलं तरी."

मला हसू आलं. घरात बऱ्याच दिवसांनी तो आवाज झाला.

"तुम्ही बरोबर चला," तो म्हणाला. "आक्का येणार आहे बघायला. तिला दाखवल्याशिवाय ती दाजींना घराबाहेर काढू देणार नाही. आणि आम्हाला काय बघायचं ते कळत नाही. तुम्ही तिथलं सगळं पाहिलंय."

मी हो म्हणाले. त्या जागेबद्दल वाईट सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आईच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती. चादर रोज बदलायचे. फोन केला की उचलायचे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते की आई शांत गेली, त्रास झाला नाही. लोक म्हणायचे, भाग्य. माझ्याजवळ तेवढंच एक उरलं होतं, आणि ते मी सगळ्यांना सांगत होते.

ते दोघे गाडी घेऊन मला भिवंडीत घ्यायला आले. आक्का, म्हणजे प्रितमची आई, मागे बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. केंद्राच्या फाटकाशी उतरल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला.

आम्हाला कमळा सिस्टर भेटल्या. आईच्या खोलीचं काम त्यांच्याकडेच असायचं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, ते मला बरं वाटलं. मग त्या आम्हाला आत घेऊन गेल्या.

प्रितमने जनरेटर पाहिला, रॅम्प पाहिला, रविवारी कोण असतं ते विचारलं. आक्काची तपासणी वेगळी होती. तिने गादी दाबून पाहिली, उशीचा वास घेतला, स्वयंपाकघरात जाऊन वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. "मऊ भात करता ना? आमचा म्हातारा आता चावत न्हाय," असं आचाऱ्याला विचारलं. परत येताना तिचा चेहरा जरा सैल झाला होता.

"आणि दुखायला लागलं तर?" प्रितमने विचारलं. "ठाण्याला तेच सांगितलंय, शेवटी दुखणं वाढेल म्हणून."

"त्याचीच तर काळजी घेतो आम्ही," कमळा सिस्टर म्हणाल्या. भिंतीवर एक रंगीत पट्टी लावलेली होती. शून्यापासून दहापर्यंत आकडे, आणि वर चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. आईला भेटायला यायचे तेव्हा मी ती रोज पाहायचे. लहान मुलांसाठी असेल असं वाटायचं.

"सकाळच्या राउंडला प्रत्येकाला विचारतो, किती दुखतंय. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. सातच्या पुढे गेलं की डॉक्टर मॉर्फिन सुरू करतात. त्याच्या आत असेल तर साधी औषधं." मग माझ्याकडे वळून त्या मायेने म्हणाल्या, "ह्यांच्या आई. एवढा मोठा आजार, पण कधी पाचच्या वर गेल्या नाहीत. विचारलं की हसून सांगायच्या. नवीन मुलींना आम्ही बाईंचंच उदाहरण देतो."

प्रितम हसला. "बाई पाचच्या वर कुणालाच देत नव्हत्या हो सिस्टर. निबंधाला दहापैकी पाच म्हणजे वर्गात पहिला. मला एकदा पाच पडले तर आक्काने आळीत पेढे वाटले होते."

"वाटलं व्हतं," आक्का म्हणाली. "लोकांना वाटला पोरगा म्याट्रिक झाला."

प्रितम अजून हसतच होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसायचा थांबला.

आईने तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. तिचे मार्क शाळेत प्रसिद्ध होते. पालक भांडायला यायचे, मुख्याध्यापक समजूत घालायचे. ती म्हणायची, दहा दिले तर त्या मुलाला पुढे लिहायला काय उरलं? सहा तिने एकदा कुणाला तरी दिले होते, आणि ते तिला फार झाल्यासारखं वाटत राहिलं. घरातही तसंच. माझ्या हातची आमटी चारची असायची. पाच म्हणजे आई भारावली आहे असं आम्ही समजायचो.

"शेवटी किती सांगायची?" मी विचारलं.

"पाच. शेवटचे सगळे दिवस पाचच. त्याआधी तीन, चार." सिस्टर बोलता बोलता सावकाश झाल्या. त्यांच्या ध्यानात येऊ लागलं होतं. "ताई, त्या म्हणाल्या तेच मी लिहिलं."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी तेच लिहिलं होतं. आईनेही खोटं सांगितलं नव्हतं. तिला दहापैकी किती ते विचारलं, आणि तिने आयुष्यभर ज्या मापाने मोजलं त्याच मापाने उत्तर दिलं. मी दिवसभर कॉलेजच्या ग्रंथालयात असायचे आणि संध्याकाळी यायचे. तेव्हा सिस्टर सांगायच्या, दुखणं ताब्यात आहे. मी आईकडे बघायचे, ती माझ्याकडे बघून मान हलवायची. मी मरणं वाचली आहेत ती पुस्तकांत, आणि पुस्तकातल्या माणसांचं दुखणं बोलकं असतं.

डॉक्टर आले. मध्यम वयाचे, थकलेले, वागायला नीट. सिस्टरनी त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. ते माझ्याकडे आले.

"ही पट्टी आमची नाही, ती सगळीकडे वापरतात," ते म्हणाले. "त्यामागे कारण आहे. पूर्वी पेशंट कण्हत असायचा आणि डॉक्टर सांगायचा, एवढं काही दुखत नाही. नातेवाईक म्हणायचे, नाटकं करतो. म्हणून ठरलं, पेशंट सांगेल तेच खरं. आम्ही तुमच्या आईंचा शब्द खरा मानला."

ते म्हणत होते ते बरोबर होतं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसले.

आक्का येऊन शेजारी बसली. समोर प्रितम फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता, "कंटेनर उतरवा लो, मैं शाम को आता हूं," असं कोणाला तरी सांगत होता.

"बाय," आक्का म्हणाली, "तुजे आयशीला दुखला का?"

"हो."

"लई?"

"हो, आक्का."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात जड आणि गरम होता.

"आमचा म्हातारा तर येक पन न्हाय बोलायचा," ती म्हणाली. "गोडाऊनचा शटर पायावर पडला व्हता. चालत घरी आला, जेवला, हात धुतला, मंग बोलतो, जरा लागलाय. बोट मोडला व्हता."

"मग तुम्हाला कसं कळतं, त्यांना दुखतंय ते?"

"मना कलतं," ती म्हणाली. जणू मी विचारलं होतं की भात शिजला हे कसं कळतं. "पाय पोटाशी घेतो. ड्रायव्हरला शिव्या घालाचा बंद व्हतो. रस्त्यावर हॉर्न वाजला का रोज आयमाय काढतो त्यांची. परवापास्ना गप हाय."

प्रितम फोन खिशात टाकत आला आणि आमच्यासमोर उभा राहिला. "ताई, मी उगाच बोललो आत. मला काय माहीत." मग थोडं थांबून, "ठेवायचं की नाही? तुम्ही सांगाल ते."

मी वडप्याच्या त्याच्या घराचा विचार केला. दारातून रात्रंदिवस ट्रक जातात. इंजेक्शन द्यायला तिकडे कोणी येत नाही, मी आईच्या वेळी चौकशी केली होती. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तर नळ्या घालतील आणि आक्काला काचेबाहेर उभं करतील. इथे मऊ भात होता, स्वच्छ चादर होती, आणि कपाटात औषधही होतं. ते आईच्या खोलीपासून चार पावलांवर होतं.

"थांब जरा," मी म्हणाले आणि परत आत गेले.

डॉक्टर टेबलाशी उभ्यानेच चहा पीत होते. मी म्हणाले, "दाजी बोलणारे नाहीत. त्यांचा आकडा त्यांच्या बायकोला विचारा."

"पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारायचं असतं."

"माझी आई शुद्धीवर होती."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही तक्रार करणार आहात का?"

"नाही. बाहेर तो मुलगा मला विचारतोय, केंद्र कसं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. "बघू," ते म्हणाले.

मी बाहेर आले आणि प्रितमला जसंच्या तसं सांगितलं. बघू म्हणाले. प्रितमने आक्काकडे पाहिलं.

"मी हितं ऱ्हानार," आक्का म्हणाली. "मंग बघते कसा बघत न्हाय त्यो."

दोन दिवसांनी दाजींना आणलं. दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि सकाळच्या राउंडला गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

दाजी कुशीवर होते, गुडघे पोटाशी. एके काळी धिप्पाड असणार. आता चादरीखाली हाडंच जाणवत होती. आक्का उशाशी स्टुलावर बसली होती. कमळा सिस्टर भिंतीवरच्यासारखीच एक छोटी पट्टी घेऊन आल्या, मागे डॉक्टर.

"दाजी, हे चेहरे बघा. किती दुखतंय?"

दाजींनी डोळे किलकिले करून पाहिलं. "ह्यो हसतो कशाला?"

"त्याला दुखत नाही. तुम्ही सांगा, तुमचा कुठला?"

"ह्योच. काय न्हाय दुखत."

"आठ," आक्का म्हणाली.

"गप गं."

"नऊ."

"सिस्टर, हिला भाईर काढा," दाजी म्हणाले. आवाज जेमतेम होता.

सिस्टरनी पेन कागदावर टेकवलं आणि उचललं. माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. मी ठरवून आले होते की आपण मध्ये पडायचं नाही, आणि मला ते फार कठीण जात होतं.

डॉक्टर पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले. पट्टी त्यांनी सिस्टरच्या हातात तशीच राहू दिली. "दाजी, पाय जरा सरळ करा बघू."

दाजींनी पाय थोडा हलवला. मान ताठ झाली, कपाळावर घाम आला. तोंडातून आवाज आला नाही. पाय परत पोटाशी गेला.

"बघितला?" आक्का डॉक्टरांना म्हणाली. ती रडत नव्हती. "म्हंजी मी खोटी न्हाय ना?"

"नाही, आक्का." डॉक्टर सिस्टरना म्हणाले, "मॉर्फिन सुरू करा." किती ते सांगितलं, आणि जाता जाता, "आकडा आक्कांचा लिहा. रोज."

औषध पातळ होतं. सिस्टरनी ते छोट्या मापाने तोंडात दिलं. दाजींनी तोंड वाकडं केलं, कडू आहे म्हणाले. प्रितम खाली बिलाचं बघत होता. मी आणि आक्का बसून राहिलो. तिने पिशवीतून वाल काढले आणि सोलायला घेतले, मलाही मूठभर दिले. आम्ही सालं एका कागदावर टाकत होतो.

किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. आधी दाजींचा जबडा सुटला. मग खांदा खाली आला. श्वास लांब होत गेला. आणि मग, झोपेतच, त्यांचे पाय हळूहळू पोटापासून लांब गेले आणि पलंगाच्या टोकापर्यंत सरळ झाले. आक्काने उठून पावलांवर चादर ओढली. हाताने ती पावलं एकदा दाबून पाहिली. मग परत येऊन वाल सोलू लागली.

मी त्या सरळ पायांकडे बघत राहिले. आई शेवटपर्यंत गुडघे छातीशी घेऊन झोपायची. लहान मुलासारखी झोपते, असं मी सगळ्यांना सांगत असे. ती गेल्यावर आंघोळ घालायला शेजारच्या बायका आल्या होत्या. पाय सरळ होईनात. दोघींना गुडघ्यांवर भार देऊन दाबावं लागलं. त्या वेळी कोणी काही बोललं नाही. मीही तांब्या धरून उभी होते.

प्रितम दारात आला. त्याने आत वाकून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"झोपले?"

"झोपले," मी म्हणाले.

"म्हणजे चांगलं आहे ना ताई, केंद्र?"

आक्का वाल सोलायची थांबली. ती माझ्याकडे बघत होती.

"दाजींना आता दुखत नाही," मी म्हणाले. "आक्काला इथून हलवू नकोस."