पोट सुटलेला खांब

"वहिनी, खांबाला पोट सुटलंय," माझा दीर म्हणाला. त्यानेच आराखडा काढलेल्या वाचनालयाचा मोठा फोटो आमच्यामध्ये टेबलावर होता. "माझ्याकडून निघाला तेव्हा बारीक होता. तुमच्याकडे फारच लाड झालेले दिसतात."

दीर आर्किटेक्ट, मी इमारतींचे फोटो काढते. वीस वर्षं त्याने माझ्या एकूण एक फोटोला नावं ठेवली आणि मी दर वेळी कडाकडा भांडले, म्हणून तर आमचं काम चांगलं व्हायचं. पण हा खांब मी तीनदा दुरुस्त केला होता. रेषा तपासताना डावा डोळा मिटायची माझी जुनी सवय. तसं बघून बघून कॉम्प्युटरवर केसाइतकाही फरक राहू दिला नव्हता. परवा त्याच्या इमारतींचं पुस्तक छापायला जाणार, आणि याला चेष्टा सुचतेय. माझं डोकंच फिरलं.

"भावजी, आधी डोळे तपासून घ्या."

त्याने बॅगेतून स्टीलची पट्टी काढून खांबाच्या कडेला लावली. मी डावा डोळा मिटून वाकले. खांब ताठ होता. पट्टी मात्र मधोमध उजवीकडे फुगलेली.

"तुमची पट्टीच वाकडी आहे," मी हसून म्हटलं. "उलटी करून लावा, म्हणजे कळेल."

त्याने पट्टी पालथी केली. आता फुगवटा डावीकडे जायला हवा होता. तो उजवीकडेच राहिला.

मी दाराच्या चौकटीकडे पाहिलं. तीही तशीच फुगलेली. मग डावा डोळा उघडून उजवा मिटला. चौकट सरळ झाली, पट्टी सरळ झाली आणि खांबाला पोट सुटलं. चांगला सरळ खांब मीच तीनदा वाकवला होता.

याच उजव्या डोळ्याने मी आयुष्यभर काम केलं, दुसरं मला काही येत नाही. तुटक तुटक का होईना, सगळं दिराला सांगितलं.

फोटो हातात घेऊन तो म्हणाला, "तसा चांगला आहे हो. मीच उगाच कीस काढत बसलो. असाच छापू."

"नावं ठेवा, भावजी," मी म्हटलं. मला रडू आवरेना. "हात जोडते, नावं ठेवा."

"उजेडही छान पडलाय," तो म्हणाला.