कॅरल ॲनची कंबर

व्हर्नाने टॉवेलची गुंडाळी पाठीमागे सरकवली आणि खुर्चीत तिरकी बसली.

*

खोऱ्यातल्या दुकानाच्या भिंतीवर आग विझवायच्या नळकांड्याशेजारी हल्ली एक पेटी असते. आत नाकात मारायचा फवारा, दुखण्यावरच्या, नशा चढणाऱ्या गोळ्यांनी शुद्ध हरपलेल्याला जागं करायला. पाव घ्यायला आलेली माणसं तिच्याकडे बघत नाहीत.

*

व्हर्नाची नणंद ओमा. हाडांत कॅन्सर. दुखण्याच्या गोळ्यांसाठी लेक्झिंग्टनला जायला दोन तास, यायला दोन. गाडी व्हर्ना चालवते. ओमा मागच्या सीटवर आडवी.

*

कॅरल ॲन. वय एकसष्ट. शाळेत स्वयंपाकीण. कंबर, नऊ वर्षं. गोळ्या कमी करू म्हटलं की चिडायचं. एकदाच. रडायचं नाही.

*

ही कॅरल ॲन कुठेच नव्हती. ती चार कागदांवर होती आणि मंगळवारी-बुधवारी व्हर्नाच्या अंगात यायची. दुखणेकऱ्याशी कसं बोलावं हे डॉक्टरांना शिकवणारा वर्ग कॉलेजच्या मागच्या इमारतीत भरायचा. पेशंट खोटा, डॉक्टर खरा, पंधरा मिनिटं. शेवटी पेशंटने फॉर्म भरायचा, त्यावर डॉक्टर पास की नापास ते ठरायचं.

"व्हर्नाबाई, एकच राहिलाय," शार्लीन दारातून डोकावली. वर्गाची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. "कॉफी देऊ?"

"नको गं पोरी. तुझी कॉफी पिऊन खरंच दुखायला लागतं."

"मग प्याच. काम चांगलं होईल." तिने यादी वर धरली. "डॉक्टर ब्रॅनहॅम. तुमच्याकडचेच ना? ओळखीचे असतील तर तुमच्या जागी पेशंट म्हणून डेल्मरला बसवते. नियम आहे."

व्हर्नाने स्वेटरची बाही मनगटावर ओढली.

"आमच्याकडे सगळेच सगळ्यांना ओळखतात."

"म्हणजे?"

"म्हणजे पाठव."

खोऱ्यात दवाखाना एकच, ब्रॅनहॅमचा. दोन वर्षांपूर्वी सरकारी तपासणी येणार म्हणून त्याने एका आठवड्यात सगळ्यांच्या दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या. त्यात होबर्ट होता, व्हर्नाचा नवरा. खाणीत छत कोसळून मणका गेलेला. सहाव्या आठवड्यात त्याने कुणाकडून तरी एक गोळी आणून खाल्ली. ती त्या औषधाची नव्हतीच, आणि होबर्ट परत उठला नाही. पुढे तक्रारी झाल्या आणि वैद्यकीय मंडळाने ब्रॅनहॅमला त्या गोळ्या लिहून द्यायची मनाई केली. आज या वर्गात पास झाला तर मनाई उठणार होती, आणि ओमाला तिचं औषध घरापासून दहा मिनिटांवर मिळणार होतं. नापास झाला तर लेक्झिंग्टन होतंच.

फॉर्म व्हर्नाच्या मांडीवर होता.

ब्रॅनहॅम आत आला. केस पांढरे झाले होते. पूर्वी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभ्यानेच बोलायचा. आता त्याने स्टूल ओढलं आणि तिच्यापेक्षा खाली बसला. व्हर्नाचेही केस आता आखूड होते, अंग उतरलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे.

"कॅरल ॲन, दुखण्यामुळे काय काय राहून जातं?"

"मोठा टोप उचलता येत नाही. घेवडा पोरींना ढवळायला लावते. त्या करपवतात."

"कॉर्नब्रेडसुद्धा?"

"तो मीच करते. तेवढी मेले नाही अजून."

तो किंचित हसला. "शून्य ते दहा, किती दुखतं?"

"आठ." कागदावर आठ होतं.

त्याने ते लिहून घेतलं नाही. "आपल्याकडची माणसं आकडा कमी सांगतात. मला हे उशिरा कळलं. तुमच्या घरच्यांना विचारलं, तर ते किती म्हणतील?"

याचं उत्तर कागदावर नव्हतं. छताजवळच्या जाळीतून गरम हवा येत होती. व्हर्नाने पाठीमागची गुंडाळी काढली, मांडीवर घेतली, सरळ केली, परत गुंडाळली.

"घरी कुणी नाही," ती म्हणाली.

कागदावर कॅरल ॲनला नवरा होता. ब्रॅनहॅमच्या हातातल्या कागदावरही होता. त्याचं बोट त्या ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. त्याने तिची चूक दाखवली नाही.

मग तो म्हणाला, "महिन्याला गोळ्यांचा दहावा हिस्सा कमी करू. झेपलं नाही तर थांबू, लागलं तर परत वाढवू. फोन मी स्वतः उचलेन."

आता चिडायचं होतं.

"म्हणजे मी नशेबाज आहे, असंच ना?" व्हर्ना म्हणाली. वाणसामानाची यादी वाचावी तसं ते निघालं.

"नाही," तो म्हणाला. "तेव्हा मी घाबरलो होतो."

बाहेर घंटा वाजली. तो उठला, स्टूल जागेवर ठेवलं, दाराशी क्षणभर थांबला. मग गेला.

फॉर्मवर वीस प्रश्न होते. बसून बोलले का. ऐकून घेतलं का. घाई केली का. व्हर्ना एकेक चौकट भरत गेली. विसावा प्रश्न होता: आपल्या माणसाला या डॉक्टरकडे पाठवाल का?

"झालं का?" शार्लीन टेबलं पुसत होती. "इतका वेळ लागला. नापास की काय?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. विसाव्यापुढे 'हो'वर खूण करून तिने फॉर्म दिला आणि कोट घेतला.

गोळ्या बंद झाल्या त्या वर्षी मार्चमध्ये, त्या बंद करण्याआधी, ब्रॅनहॅमने होबर्टलाही आकडा विचारला होता. होबर्ट म्हणाला होता, चार. त्याच सकाळी त्याला उठता येईना म्हणून व्हर्नानेच त्याला न्हाणीतून ओढत बाहेर आणलं होतं. दवाखान्यात ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती आणि काही बोलली नव्हती.