वक्तशीर बस

"आली बघ. कर हात," ताई म्हणाली.

प्राध्यापकांनी हात केला. बसने वेग वाढवला आणि दोघांना धुळीने न्हाऊ घालून ती निघून गेली.

"दोन झाल्या. तुझा नमुना अजून लहानच आहे का रे?"

प्राध्यापकांनी तोंडावरची धूळ पुसली. थोरली बहीण वर्षभर फोनवर सांगत होती, की काठी दिसली की बस थांबत नाही, डायलिसिसची वेळ चुकते. आणि हे वर्षभर तिला समजावत होते, की नमुना फार लहान आहे, एका म्हातारीच्या तक्रारीवरून निष्कर्ष काढता येत नाही. कारण बस वेळेवर पोचवणाऱ्या चालकाला बक्षीस, ही योजना त्यांचीच. बस सुटल्याची वेळ टिपायची, पोचल्याची टिपायची. मधल्या थांब्यांवर माणूस उभा करणं खर्चाचं, म्हणून ते वगळलेलं. बसगाड्या अशा वक्तशीर झाल्या, की घड्याळांनी लाजावं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या नेहमी रांगेतच दिसतात. आज दुपारच्या बैठकीत हीच योजना सगळ्या शहरांना लागू व्हायची होती.

"ताई, मी गाडी मागवतो."

"माझ्यासाठी मागवशील. बाकीच्या म्हाताऱ्यांचं काय?"

तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहताना प्राध्यापकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसरी बस दिसताच ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. ब्रेक किंचाळले.

"मरायचंय का काका?" चालकाने खिडकीतून डोकं काढलं.

"थांबा आहे हा! थांबत का नाही?"

"थांबलो की उशीर, उशीर झाला की बक्षीस गेलं, वर साहेबाच्या शिव्या. माझ्यावर काय ओरडता? ज्या दीडशहाण्याने ही योजना काढली त्याला धरा. मेल्याने कधी बसमध्ये पाय ठेवला नसेल!"

"हाच तो," दाराकडे जाता जाता ताई म्हणाली. "माझा धाकटा भाऊ."

अख्खी बस एकदम बोलू लागली. त्यातले बरेच शब्द अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडायचे नाहीत.

"माझी आई इथूनच परत जाते हो रोज!" एक बाई ओरडली. "बाजूला होऊ नका तिथून!"

प्राध्यापक हलले नाहीत. दोन्ही तळवे बसच्या तापलेल्या नाकावर रोवून उभे राहिले. कुणीतरी ताईला हात दिला.

"नको. चढते मी."

एक पायरी. दम. दुसरी पायरी. ती खिडकीशी बसली, काठी गुडघ्यांत धरली, तेव्हा प्राध्यापक बाजूला होऊन दाराकडे धावले. बस सुटली होती. तिला आधीच उशीर झाला होता.

खिशात फोन वाजला. सचिवांचा मदतनीस होता.

"सर, येताय ना?"

"योजना थांबवा. मी शिफारस मागे घेतोय."

"तसं इथे येऊन सांगावं लागेल, सर. पण वेळेवर या. नाहीतर साहेब म्हणालेत, तुमच्याशिवाय उरकून टाकू."

आज बैठकीला बसनेच जायचं, असं प्राध्यापकांनी ठरवलं. वळणावर चौथी बस दिसली. अगदी वेळेवर. त्यांनी हात वर केला आणि ती वेग वाढवत जवळ आली, तरी तो खाली घेतला नाही.