गल्लीभर वाटून टाकलेला राउटर

मी बोलतोय. इकडे वर, शोकेसवर बघा. प्लास्टिकच्या फुलदाणीमागे जो काळा डब्बा दिसतोय ना, तोच मी. राउटर हे माझं नाव, पण अकोल्याच्या या घरात त्या नावानं मला कोणी हाक मारलेली नाही. "डब्बा बंद कर, डब्बा चालू कर", एवढंच. पाच वर्षं दिवे लुकलुकवून ओरडतोय, कोणी लक्ष देईल तर शपथ! म्हणून आज तोंड उघडलं.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटाखाली एक चिठ्ठी चिकटवली होती. तीवर दोन पासवर्ड छापलेले. एक नेट वापरायचा, दुसरा माझ्या आत शिरून माझी व्यवस्था बदलायचा. दोन्ही आल्या आल्या बदलायचे असतात. घराचे मालक केशवराव यांनी पहिला तेवढा बदलला आणि आपल्या गावाचं नाव ठेवलं, पातूर, पुढे एक-दोन-तीन-चार. दुसऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

केशवराव म्हणजे देवमाणूस. त्यांच्या दारातून कोणी रिकाम्या हातानं परत गेलेलं मी पाहिलं नाही आणि माझा सगळा छळ तिथूनच सुरू झाला. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला दीडशे माणूस आलं. पंगती बसल्या, आंबील वाढली गेली. पाहुण्यांना पुण्या-मुंबईच्या लेकरांना फोनवरून महालक्ष्म्या दाखवायच्या होत्या. केशवरावांनी काय करावं? जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं पासवर्ड लिहून मखराच्या शेजारी टांगला! देवीला नमस्कार करायचा आणि माझा पासवर्ड टिपून घ्यायचा. विसर्जन झालं, मखर उतरलं, कॅलेंडर दिवाळीपर्यंत तिथंच.

भिंतीपलीकडे गोवर्धनचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. त्यानं तर त्या कॅलेंडरचा फोटोच काढला. दुसऱ्या दिवसापासून त्याचे दोन कॉम्प्युटर आणि त्याच्या गिऱ्हाइकांचे फोन माझ्या उरावर बसले. तेही सोसलं असतं. पण एके दुपारी तो माझ्या आतच शिरला. दुसरा पासवर्ड होता ना, चिठ्ठीवरचा? त्या कंपनीच्या सगळ्याच डब्ब्यांना तो सारखाच असतो. त्यानं आत येऊन हुकूम सोडला की आधी माझ्या दुकानाला नेट, घरच्यांना उरलंसुरलं. मी हुकमाचा ताबेदार, करणार काय? ज्यांच्या घरची वीज खातो त्यांनाच उपाशी ठेवू लागलो. फार लाज वाटायची.

आणि नेमकं तेव्हाच दामिनीला काम मिळालं. दामिनी केशवरावांची सून. लग्नाआधी धामणगावला शाळेत गणित शिकवायची. नवरा विपुल अमरावतीला नोकरीला, शनिवारी येतो. चार वर्षं घरात बसल्यावर पुण्याच्या एका कंपनीनं तिला ऑनलाइन शिकवायला घेतलं. तीन महिने परीक्षा म्हणून. अट एकच, तास तुटल्याच्या तीन तक्रारी आल्या की काम संपलं. तास रोज दुपारी चारला. गोवर्धनच्या दुकानात गर्दीही चारलाच.

पहिली तक्रार आली तेव्हा सगळे माझ्यावरच तुटून पडले. सासूबाई मंजुषाताईंनी मला दोन चापट्या मारल्या. "डब्बाच बिघडला वाट्टे." अहो बाई, मी बिघडलो नाही, मला वाटून खाल्लंय!

दामिनी हुशार. तिनं रविवारी नेटचा पासवर्ड बदलला. मी सुटकेचा श्वास सोडला, तो अर्धा तासही टिकला नाही. भिंतीवरून गोवर्धनचं डोकं वर आलं.

"काकाजी, नेट गेलं जी!"

"गेलं नाई रे, सुनबाईनं पासवर्ड बदलवला. थांब, चष्मा आन्तो."

चष्मा आन्तो! मी सगळे दिवे पेटवले, विझवले. केशवरावांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचून दाखवलं. सोमवारी चारला अपूर्णांक शिकवता शिकवता दामिनीचा चेहरा पडद्यावर गोठला, तोंड अर्धं उघडं. दुसरी तक्रार.

त्या संध्याकाळी ती रडली नाही, ओरडलीही नाही. सासऱ्यांसमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी त्याले पासवर्ड नाई देला. माही नोकरी देली."

"शेजाऱ्यानं मांगतलं त नाई कसं म्हनाव पोरी?" केशवराव पुटपुटले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

मंगळवारी नेटचं काम बघणारे नागसेनभाऊ आले. त्यांनी आपल्या फोनवरून माझं पोट उघडून पाहिलं.

"काकाजी, घरात मानसं किती?"

"तीन. शनवारी चार."

"अन् याच्यावर आत्ता एकतीस मशीनी लागून रायल्या. आतलं कुलूपबी कंपनीचंच हाय, उघडं. कोनीतरी आत येऊन आपल्या दुकानाले पयला नंबर देऊन ठेवला. उद्या तिकून कोनी उलटसुलट काम केलं त पोलीस तुमच्या दारात येतीन, त्याच्या नाई."

केशवरावांचा चेहरा उतरला. नागसेनभाऊंनी दोन्ही पासवर्ड बदलले, दुकानाला दिलेला हुकूम पुसला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. वर म्हणाले, "डब्बा जुना झाला. आताची पक्की कुलपं याले बसत नाई. शनवारी नवा आन्तो. त्याच्यात पाव्हन्यांचं नेट येगळं ठेवता येते."

पाच वर्षांच्या चाकरीनंतर ही पावती! पण माणूस खरं बोलला, वाद घालायला जागा नव्हती.

नंतर दोन दिवस मी फुलासारखा हलका होतो. एकच गोष्ट खुपत होती. केशवरावांचा फोन माझ्याकडे फिरकलाच नाही. जेवण झालं की भजनं लावणारा माणूस, आता नुसता छताकडे पाहत पडून राहायचा. मला वाटलं, रुसले. चूक स्वतःची आणि रुसवा सुनेवर!

गुरुवारी चारला दामिनी तासाला बसली आणि फाटक वाजलं. गोवर्धन.

"काकाजी, नवा पासवर्ड सांगा ना जी. फॉर्मची आज शेवटची तारीख हाय, मानसं येऊन बसले."

झालं, म्हटलं. आता हे उठतील, चष्मा शोधतील. आत पोरं उत्तरं देत होती, दामिनीचा आवाज रंगात आला होता. तिसरी तक्रार दारात उभी होती.

"मले मायीत नाई," केशवराव म्हणाले.

"असं कसं जी? तुमच्याच घरचं नेट."

"म्याच सुनेले सांगतलं, मले सांगू नोको म्हनून. मायीत असलं त म्या देऊन टाकीन. माहाच सभाव मले मायीत हाय." त्यांनी फाटक उघडलं. "चहा घे लागते त. नेट नाई."

गोवर्धन चहा न घेताच गेला. पाच मिनिटांत भिंतीपलीकडे त्याच्या स्वतःच्या फोनचं नेट सुरू झाल्याचं मला कळलं. म्हणजे इतके दिवस ते त्याच्या खिशातच होतं! संताप संताप झाला. पण तास पुरा झाला, एकदाही न तुटता.

दामिनीनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि सासऱ्यांचा फोन हातात घेऊन स्वतः पासवर्ड टाकू लागली. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, चुकून दिसायला नको म्हणून. तोवर केलेली माझी सगळी चिडचिड मला परत घ्यावीशी वाटली.

आज शुक्रवार. उद्या माझी वायर निघेल. नव्या डब्ब्याला पक्की कुलपं लावा आणि त्याच्या पोटाखालची चिठ्ठी पहिल्याच दिवशी निकामी करा, एवढं माझं ऐका. आणि त्याला आणखी एक सांगा. दुपारी चारला पहिला नंबर दामिनीचा. बाकी दिवसभर केशवरावांचा. पासवर्ड मात्र त्यांना सांगू नका.